पुढची दोन माझी, मागची दोन तुझी

अंबरनाथ पूर्व,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय रघू,

तुझ्या कानांनी संप पुकारला आणि आपल्या मैत्रीला पुन्हा पोस्टाची पेटी लाभली, हे एक बरं झालं. फोनवर तू ‘काय? काय?’ करायचास, मी ओरडायचो, आणि शेजारच्या सुनंदाताई कुंदाला विचारायच्या, “आज काय झालं हो भांडायला?” शाईत ओरडावं लागत नाही.

सकाळी शिवमंदिरापर्यंत फिरून येतो. पुलाच्या कठड्याला टेकलो की सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे येतो. गुरुजी पावसातही खिडक्या उघड्या ठेवून कविता म्हणायला लावायचे. तू शेवटच्या ओळीला मुद्दाम चाल बदलायचास आणि छडी मला बसायची. आता त्या छडीचाही लोभ वाटतो बघ.

असो. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. म्हणजे आपल्या हिरव्या ट्रकची पूजा. लष्कराच्या लिलावातून तो घेतला तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. तूच तोडगा काढलास, “पुढची दोन चाकं तुझी, मागची दोन माझी.” आणि तो छोटा लिव्हर ओढला की चारही चाकं एकत्र जोर लावतात, म्हणून लिव्हर दोघांचा. मानाचा. हळदकुंकू आधी त्याला, नारळाचं पाणी त्याच्यावर.

गेल्या दसऱ्याला टेकडीवरून उतरताना गाडी कशी अलगद वाहत आली होती, आठवतं? झोपाळ्यावर बसल्यागत वाटत होतं. तू तर आनंदानं ओरडलास. वेणूवहिनी देवाचं नाव घेत होत्या. वळणावर थांबून आपण फुललेला तेरडा पाहिला. वर्षभर मी त्या उतारावर जगतो आहे.

यंदाही चाक माझ्या हाती. आमचा राजस, त्याची बायको ऋता, डोळ्यांचे डॉक्टर, सगळे मला खुर्चीत बसवायला टपलेत. स्कूटर गेली, जिना मोजून चढायला सांगतात. पण वर्षातून एक दिवस त्या चाकामागे बसलो की मी म्हातारा नसतो. तेवढा एक दिवस माझ्याकडून कोणी मागू नये.

गाडी कशी आहे ते कळव.

तुझा,
विष्णू

*

करवंदवाडी, बदलापूरच्या पुढं
१२ ऑगस्ट

विष्णूस रघूचा रामराम.

पत्र पोचलं. वेणूला वाचून दाखवलं. छडीचं खोटं हाय. छडी मला बसायची, तू रडायचास.

गाडीचं म्हणशील तर बातमी बरी नाय. छोटा लिव्हर अडकलाय. चार चाकांवर जाऊन बसलाय, हलत नाय. सुजित म्हणतो, बाबा, जोर लावू नका, आतलं काय तरी तुटंल. पोरगा शिकलेला हाय, त्याचं ऐकावं लागतं.

तवा यंदा टेकडीवर जायचं सोडून देऊ. तू आन कुंदावहिनी बदलापूर टेशनवरनं रिक्षा करा. खालीच वडाजवळ पूजा करू, वडाखाली जेवू. टेकडी काय पळून जात नाय. वेणू घावणं करील.

पाऊस भरपूर हाय. भात बरा हाय.

रघू

*

अंबरनाथ पूर्व,
१८ ऑगस्ट

प्रिय रघू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चार मुलांना परीक्षेत नापास झाल्याचं सांगावं तसं तू ‘बातमी बरी नाय’ म्हणून मोकळा झालास! अरे, लिव्हर अडकला तर सोडवायचा. कारखान्यात उभा जन्म काढला मी, खुर्चीवर बसून नाही, यंत्रांच्या पोटात डोकं घालून.

नीट ऐक. म्हणजे वाच. चार चाकं जोडून गाडी चिखलातून गेली तर काही होत नाही, चिखल चाकाला थोडं घसरू देतो. पण तशीच डांबरी रस्त्यावर नेली की वळणावर पुढची चाकं लांबून फिरतात, मागची जवळून. दोघं एकाच दोरीला बांधलेले, कोणी ऐकत नाही. मग आतले दाते एकमेकांत असे आवळून बसतात की लिव्हर निघत नाही. तुटलेलं काही नसतं, नुसता राग असतो.

तो राग घालवायचा उपाय सोपा. गाडी सरळ उभी कर, रिव्हर्स टाकून हळूच मागे घे, आणि मागे जाता जाताच सुजितला लिव्हर ओढायला सांग. दहापैकी नऊ वेळा सुटतो. नाही सुटला तर मागच्या चाकांना दगड लाव आणि पुढचं एक चाक जॅकवर उचल. ताण गेला की लिव्हर लोण्यासारखा येईल.

पण रघू, आता मला एक शंका येते. तुझ्या वाडीची वाट चिखलाची. चिखलात चारावर अडकत नाही. म्हणजे गाडी डांबरी रस्त्यावर चार चाकं जोडून फिरली. कोणी फिरवली? कशासाठी? चार चाकं जोडायची म्हणजे पाठीवर काहीतरी जड असणार. सुजितच्या दोस्तांपैकी कोणाचं खडी-रेतीचं काम चालतं का? मी आपला विचारतो. गाडीच्या मागच्या फळीवर मी स्वतः रचलेल्या ओळी आहेत:

चढण येता थांबू नको रे, उतार येता धावू नको,
वाट जुनी ही सोबतिणीपरी, तिला एकटी सोडू नको.

या ओळी चोरटी खडी वाहताना मला सहन होणार नाहीत. उपाय करून बघ आणि उलट टपाली कळव.

विष्णू

*

करवंदवाडी
२३ ऑगस्ट

विष्णूस रामराम.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मागं घेऊन पायलं. जॅक लावून पायलं. दगड बी लावले. काय उपेग नाय. लिव्हर चारावर जातच नाय.

खडीबिडी कोण वाहात नाय. सुजितचे दोस्त मोबाइलचं दुकान टाकून बसलेत, खडी त्यांनी पिच्चरमधी पायली असंल.

गणपतीला नवं तांदळाचं पीठ पाठवतो, मोदकांना. कुंदावहिनीस नमस्कार. डोळ्यांची काळजी घे. फिरताना छत्री ने. जपून राहा.

रघू

*

अंबरनाथ पूर्व,
१ सप्टेंबर

रघू,

पीठ मिळालं. मोदक झाले. मी एकावर थांबलो.

१२ तारखेला तू लिहितोस, लिव्हर चारावर अडकला, तिथून निघत नाही. २३ तारखेला लिहितोस, लिव्हर चारावर जातच नाही. अरे बाबा, जो माणूस घरातून बाहेर निघत नाही, तोच माणूस घरात शिरत नाही, असं कसं होईल? तू जॅक लावला नाहीस. दगड लावले नाहीस. गाडीजवळ तरी गेलास का?

आणि ‘डोळ्यांची काळजी घे, जपून राहा’ हे साठ वर्षांत तू मला कधी लिहिलं नव्हतंस. तू गोड बोललास की मला भीती वाटते.

आता पुढचं. सुनंदाताई सोफ्याचं कापड आणायला उल्हासनगरला गेल्या होत्या. तिथे शहाडच्या पुलाजवळ त्यांनी एक जुना हिरवा ट्रक पाहिला. मागच्या फळीवरची ओळसुद्धा त्यांनी वाचली. मला म्हणाल्या, “काका, तुमची कविता ट्रॅफिकमध्ये अडकली होती!” त्या हसल्या. मी हसलो नाही. ज्या गाडीचा लिव्हर अडकलाय, जिला जोर लावू नका असं सुजित म्हणतो, ती शहाडला काय करत होती?

माझ्याच्यानं विचार थांबत नाहीत. बदलापूरच्या आसपास टेकड्या विकत घेत फिरणारी माणसं आहेत. त्यांना खडकाळ वाटांवर चढणारी गाडी हवी असते. उल्हासनगरात जुन्या गाडीला शिवण-टाके घालून, रंग मारून, नवी नवरी करून देणारे पुष्कळ. राजस परवा गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत होता, मला बघताच ‘नंतर करतो’ म्हणाला. ऋता हल्ली माझ्या पानात न मागता दुसरी पुरणपोळी वाढते. कुंदाला म्हटलं, “तुला काही माहीत आहे?” तर म्हणाली, “मला एवढंच माहीत आहे की तुमची पोळी गार होतेय.”

तुम्ही सगळे मिळून गाडी विकताय का? निदान मला तोंडावर सांग. पुढची दोन चाकं अजून माझी आहेत.

विष्णू

*

करवंदवाडी
६ सप्टेंबर

विष्णू,

आज विसर्जन. नदीवर जायच्या आधी लिहितोय, डोकं तापलंय तवर.

गाडी विकायची असती तर तुझ्यासमोर विकली असती. भावकीतली जमीन गेली तवा तुझ्याबरोबर बसून रडलो, लपून नाय. आन तू मला चोर ठरवतोस. तुझ्या सुनंदाताईच्या डोळ्यांनी.

शहाडला गाडी सुजित घेऊन गेला होता. सीटचं काम होतं. त्यापुढं सांगणार नाय.

लिव्हरचं चुकून उलटं लिवलं असंल. मी काय कारखान्यातला साहेब नाय. तुला गाडी पाहिजे ना? तुझी दोन चाकं काढून घेऊन जा. पुढची. मी मागच्या दोघांवर बसून राहीन.

दसऱ्याला यायची गरज नाय.

रघू

*

करवंदवाडी
११ सप्टेंबर

विष्णूस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. सुजितनं तुझ्या राजसला फोन लावला, तो मीटिंगमधी होता. आन ही गोष्ट मला तुलाच इचारायची हाय.

परवा वेणू बांधावरनं घसरली. घोट्याचं हाड मोडलंय. वाडीची वाट चिखलानं भरलेली, तिला चादरीची डोली करून चौघांनी खाली नेली. वाटभर ती माझ्याकडं बघत होती. बदलापूरला प्लास्टर घातलं. परत येताना म्हटलं, आता डोली नाय, गाडीनं वर न्यायची. गाडी खाली वडाजवळच असते. लिव्हर चारावर टाकायला गेलो तर हलंना. मी ओढला, सुजितनं ओढला, दोघांनी पाय लावून ओढला. भिंतीत पुरल्यागत बसलाय. दोन चाकांवर गाडी चढाच्या पायथ्याला नुसती चाकं फिरवते. परत डोली. पंधरा दिवसांनी डॉक्टर पुन्हा बोलावतो, मंग पुन्हा डोली.

विष्णू, मागचं सोड. आता खरं सांगतो, लिव्हर अडकलाय. काय करू ते लिव.

रघू

*

अंबरनाथ पूर्व,
१६ सप्टेंबर

रघू,

वेणूवहिनी पडल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांना विश्रांती मिळो.

बाकी पत्राबद्दल काय लिहू? ‘आता खरं सांगतो’ या तीन शब्दांत तू माझी ऑगस्टपासूनची झोप कुठे गेली ते सांगून टाकलंस. म्हणजे आधीचं खोटं होतं. मग हे खरं कशावरून? आधी म्हणालास टेकडी नको, मग म्हणालास यायची गरज नाही, आणि आता म्हणतोस उपाय लिही. कदाचित मला दुरूनच कामाला लावून शांत बसवायचं असेल. मी उपाय लिहीत राहायचं आणि तिकडे गाडी नव्या धन्याच्या अंगणात. शाळेत तू पाटीवर चित्र काढायचास आणि गुरुजी आले की वर हात ठेवायचास. मला हाताखालचं चित्र नेहमी दिसायचं. आता दिसत नाही, एवढाच फरक.

वहिनींची डोली खरी असेल तर मला क्षमा कर. नसेल तर तुला क्षमा नाही.

विष्णू

(खाली वेगळ्या अक्षरात)

भावोजी, यांनी लिहिलेलं मनावर घेऊ नका. पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. येत्या रविवारी सर्वपित्री आहे, हे म्हणतात त्या दिवशी प्रवास नको. मी म्हटलं, गेलेल्यांचं दरवर्षी बघतो, एखाद्या वर्षी जिवंत माणसांचंही बघू. पानं वाढून सकाळीच निघू. वेणूताईंसाठी डिंकाचे लाडू आणते.

— कुंदा

*

अंबरनाथ पूर्व,
२३ सप्टेंबर

प्रिय रघू,

रविवारी आपलं बोलणं झालंच नाही. घरी वहिनी झोपल्या होत्या, मोठ्यानं बोलायची चोरी. आणि हळू बोललेलं तुला ऐकू येत नाही. शिवाय मी गाडीच्या खाली आणि तू वर. म्हणून मी खाली काय पाहिलं ते तुला लिहितो. वरचं तू लिही.

वडाजवळ रिक्षातून उतरलो तेव्हा मनात एकच होतं, गाडी असेल का? होती. मला इतका आनंद झाला की आनंद झाल्याचा राग आला. मग सुजितनं दार उघडलं आणि पुन्हा पाल चुकचुकली. ड्रायव्हरची सीट तशीच फाटकी, काथ्या बाहेर आलेला. आणि डाव्या बाजूच्या सीटला नवीकोरी, वीतभर जाड गादी. म्हटलं, ही कोणत्या नव्या धन्याची बैठक? गाडी चालवायला ड्रायव्हर ठेवून शेजारी बसणारा हा शेठ कोण?

लिव्हर ओढून पाहिला. तू खोटं बोलत नव्हतास. हात टेकावेत इतका घट्ट. मग गोणपाट अंथरून मी खाली सरकलो. कुंदा म्हणत होती, “उठताना तुम्हाला क्रेन लागेल हो.” तू माझे दोन्ही पाय धरून उभा होतास, जणू मी विहिरीत उतरतोय.

रघू, खाली काय होतं सांगू? लिव्हरचा खालचा सांधा दिसतच नव्हता. त्याच्यावर लालपिवळं, दगडासारखं कवच. नखानं खरवडलं तर हळद. कुंकू. अक्षता, तांदूळ म्हणून ओळखू येणाऱ्या. खोबऱ्याचा एक तुकडासुद्धा. इतक्या वर्षांचे आपले दसरे तिथे साठले होते. दरवर्षी आपण मानाच्या लिव्हरवर नारळाचं पाणी ओतलं, ते फटीतून थेट सांध्यावर उतरलं आणि गंज धरला. चालत्या लिव्हरला ते झटकता यायचं. यंदा झटकता आलं नाही.

कारण ते कवच सलग होतं. कुठे तडा नाही. ओलं असताना लिव्हर शेवटचा हलला, आणि मग तसंच वाळलं. म्हणजे गेल्या दसऱ्यापासून तू त्या लिव्हरला हातच लावलेला नाहीस. अख्खा पावसाळा गाडी खाली ठेवून तू चिखलातून पायी चढलास. पोती डोक्यावर नेलीस. लिव्हर अडकलाय असं तू मला खोटंच कळवत होतास, आणि तो तेव्हा खरोखरच अडकलेला होता. तुझं तुलाच ठाऊक नव्हतं.

डिझेल सोडून, सुजितच्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं मी सगळं साफ केलं. आणि मग ती आपली ठोक्यांची भाषा. मी खालून चासीवर पाना मारायचा, तुला ऐकू आला नाही तरी पायाला कळायचा. एक ठोका म्हणजे लिव्हर पुढे, दोन ठोके म्हणजे मागे. किती वेळ चाललं देव जाणे. पहिल्यांदा केसभर हलला तेव्हा मी खाली एकटाच हसलो. मग मी बाहेर आलो, तू गाडी हळूच मागे घेतलीस आणि ‘खट्’ झालं. तो आवाज तुझ्या कानाला नाही, तळहाताला कळला. तुझा चेहरा मी पाहिला.

वहिनींना घरून गाडीत घालून तू टेकडीवर वरखाली एक फेरी मारून आणलीस तेव्हा मी डावीकडे बसलो होतो. नव्या गादीवर. तिथून छोटा लिव्हर बरोबर हाताला येतो, हे माझ्या ध्यानात आलं. वळणावर तू ब्रेकवर पाय ठेवून होतास. ओठ घट्ट मिटलेले. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

गेल्या वर्षीही त्याच वळणावर त्या देवाचं नाव घेत होत्या.

रघू, एकच विचारतो. गेल्या दसऱ्याला तू ओरडलास, तो आनंदानं का?

विष्णू

*

करवंदवाडी
२६ सप्टेंबर

विष्णू,

इचारलंस तर सांगतो. वेणू म्हणाली, लिवा आता, पोटात ठेवून तुमचं ॲसिड वाढतं.

आनंदानं नाय.

टेकडीवरनं आपण निघालो. तू फळीवरच्या तुझ्याच ओळी चालीवर म्हणत होतास, मान हलवत. वळणाच्या जरा वर तू छोटा लिव्हर ढकललास. चार चाकांची चाल अजून सावकाश करायची होती तुला. पण लिव्हर मधल्या मोकळ्या जागेत राह्यला. तिथं गाडी कुणाच्याच ताब्यात नसते, हे तूच मला शिकवलंस. गिअर होता तो नावाला. गाडी सुटली. तू ब्रेक दाबंना. तुला वाटलं झोपाळा. मी बोंबललो. तू हसलास माझ्याकडं बघून. मी हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला. वेणूनं माझा दंड असा धरला का तिच्या बांगड्या फुटल्या.

गाडी थांबली तवा पुढची दोन चाकं रस्त्याच्या बाहेर, तेरड्यात होती. तुझी दोन. त्याच्यापुढं दरी. तू खाली उतरलास आन म्हणालास, “वा रघू! काय तेरडा फुललाय!”

मी तुला तवाच सांगायला पायजे होतं. पण तुझा चेहरा असा होता, सातवीत कविता पाठ म्हणून दाखवलीस तवा होता तसा. कसं सांगू? नंतर पत्र लिवायला बसलो, फाडलं. तू लिवलंस ना, एक दिवस माझ्याकडून मागू नये. मला तोच मागायचा होता. तोंडावर मागितला असता तर तू गाडी सोडली असतीस, आन गाडीबरोबर मला बी. म्हणून लिव्हरवर ढकललं. यंत्राचा राग माणूस धरत नाय, असं वाटलं. तर तू यंत्राचा डाक्टर निघालास.

आन त्या लिव्हरला हात लावायची माझी हिंमत नव्हती, हे बी खरं. दिसला का वळण दिसायचं.

सीट तुझ्यासाठी शिवली. तुझी कंबर धरते म्हणून जाड गादी. उल्हासनगरचा सिंधी शेठ सुजितला म्हणाला, “अरे साईं, ड्रायव्हर की सीट फटेली है और तुम बाजूवाले का बनाता है? बाजू में कौन बैठेगा, मिनिस्टर?” सुजित म्हणाला, “कवी बैठेगा.”

फळीवर तूच लिवलंस, उतार येता धावू नको. मी ते रोज वाचतो, तू पुढं बसतोस म्हणून तुला दिसत नाय.

आता राग धरायचा तर धर. पण दसऱ्याला ये. वेणू म्हणते प्लास्टर असलं तरी टेकडीवर येणार.

रघू

*

अंबरनाथ पूर्व,
२९ सप्टेंबर

प्रिय रघू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी गॅलरीत होतो. वाचून तिथेच बसून राहिलो. कुंदानं येऊन विचारलं, “गाडी विकली का त्यांनी?” मी म्हटलं, “नाही. मला विकत घेतलं.” ती आत गेली आणि चहा घेऊन आली. राजसचा तो फोन माझ्या चष्म्याच्या नंबराबद्दल होता, हेही आजच कळलं. पुरणपोळीचं कारण मात्र ऋता सांगत नाही. राहू दे, एखादी शंका जपून ठेवावी.

माझ्या झोपाळ्याच्या खाली तुझी किंकाळी होती. वर्षभर मी तो उतार आठवत होतो आणि तूही तोच. एकच वळण, आणि आपण दोघं दोन गावांना होतो. वेणूवहिनींना भरायला नव्या बांगड्या मी कुंदाला सांगून आणतो. हिरव्या, गाडीच्या रंगाच्या.

रागाचं म्हणशील तर शनिवार-रविवार धरला. मग उतरला. चारावर अडकलेला लिव्हर थोडं मागे गेल्यावरच सुटतो, हे मीच तुला लिहिलं होतं. मी थोडा मागे गेलो. सातवीच्या वर्गापर्यंत. छडी तुलाच बसायची, रघू. रडायचो मी.

गुरुवारी येतो. चाकामागे तू बस, त्या फाटक्या सीटवर. नारळ या खेपेस बंपरवर फोडू. लिव्हरला नुसतं एक बोट कुंकू, आणि खाली ग्रीस. मान कमी होत नाही, आयुष्य वाढतं.

चाक तुझं, तर छोटा लिव्हर माझा. डाव्या सीटवरून हात पोचतो. तुला ऐकू येत नाही आणि मला नीट दिसत नाही, म्हणून ठोक्यांवर चालू. रस्ता तू बघायचास, गाडी थांबवायचीस आणि माझ्या गुडघ्यावर थाप द्यायचीस. एक थाप, चार चाकं. दोन थापा, दोन चाकं. लिव्हर बसला की मी तशीच थाप तुला परत देईन, मगच ब्रेकवरचा पाय उचल. मधल्या मोकळ्या जागेसाठी आपण थाप ठेवू नये. तिथे आपल्याला थांबायचंच नाही.

तुझा,
विष्णू